पवित्र शास्त्राची संदर्भांसह मराठी प्रत : पहिल्यांदा वाचणाऱ्याच्या दृष्टीने

ख्रिस्ती धर्मग्रंथ, म्हणजे बायबल किंवा पवित्र शास्त्र, मराठीतून प्रथमच वाचायला घेणाऱ्याने कोणती प्रत विकत घ्यावी, या प्रश्नाचे माझे उत्तर आरंभीच देऊन टाकतो: जुना (येशूच्या आधीचा) आणि नवा (येशूपासूनचा) असे दोन्ही करार एकत्र असलेली, ओव्यांचे संदर्भ, म्हणजे एखाद्या ओवीशी जुळणारी ग्रंथातील इतर ठिकाणे, छापलेली साधी प्रत घ्यावी, संदर्भ नसलेली प्रत कितीही देखणी असली, तिच्या पानांना सोनेरी कडा असल्या, तरी ती मांडणीवर परत ठेवावी. सोलापुरात ख्रिस्ती पुस्तके विकणाऱ्या एका लहानशा दुकानातून मी अशी प्रत घेतली आणि ती बरीच वापरल्यानंतर हे परीक्षण लिहीत आहे. मी जन्माने ख्रिस्ती नाही. घरात ज्ञानेश्वरी आणि तुकोबांची गाथा वाचली जात असल्यामुळे धर्मग्रंथ हाताळण्याची सवय आहे. त्या सवयीतून ग्रंथाकडून काही अपेक्षाही निर्माण होतात, आणि त्या या प्रतीला कितपत लागू पडतात हेही तपासण्यासारखे आहे.

बाह्यांगाविषयी फार लिहिण्याची गरज नाही. हजाराहून अधिक पाने एका खंडात बसवायची म्हटल्यावर कागद पातळ आणि टाइप बारीक असणार हे उघड आहे. मजकूर दोन स्तंभांत आहे, मागच्या पानावरील छपाईची सावली पुढच्या पानावर उमटते, आणि शाईच्या पेनाने खूण केली तर ती पलीकडे फुटते, म्हणून पेन्सिलच वापरावी. सोलापूरच्या मे महिन्यात घामेजल्या हातांनी ही पाने उलटणे हे एक जिकिरीचे काम आहे. चाळिशी ओलांडलेल्या वाचकाने दुकानातच एखादे पान वाचून पाहावे, कारण मोठ्या टाइपाची प्रतही मिळते. ती जड असते, प्रवासात नेण्याजोगी नसते, पण टेबलावर ठेवून वाचायला चांगली. किंमत मात्र आकाराच्या मानाने फारच कमी आहे. एवढ्या पानांचा दुसरा कोणताही मराठी ग्रंथ या दरात मिळणार नाही. खिशाला न परवडणारे असे यात काही नाही, त्यामुळे निवड करताना पैशाचा विचार बाजूला ठेवून मजकुराच्या मांडणीचाच विचार करावा.

मांडणीचा प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण हा एक ग्रंथ नसून ग्रंथसंग्रह आहे. प्रॉटेस्टंट परंपरेच्या प्रतीत जुन्या कराराची ३९ आणि नव्या कराराची २७ अशी ६६ पुस्तके असतात. कॅथलिक परंपरेच्या प्रतीत ती ७३ भरतात. जुना करार मूळ हिब्रू भाषेत, त्यातील काही भाग अरामी भाषेत, आणि नवा करार ग्रीक भाषेत लिहिला गेला. कायदे, वंशावळी, राजांचे इतिहास, गीते, म्हणी, संदेष्ट्यांची भाषणे, पत्रे असे सगळे प्रकार एकाच पुठ्ठ्याच्या आत आहेत, आणि ते लिहिले गेल्याच्या क्रमाने छापलेले नाहीत. पौल या आरंभीच्या ख्रिस्ती प्रचारकाची बरीचशी पत्रे येशूचे चरित्र सांगणाऱ्या चारही शुभवर्तमानांच्या आधीची आहेत, असे अभ्यासक सामान्यतः मानतात, पण छापील क्रमात ती नंतर येतात. आणि मंडळ्यांना, म्हणजे ठिकठिकाणच्या ख्रिस्ती समुदायांना, लिहिलेली त्याची पत्रे तर साधारणपणे लांबीच्या उतरत्या क्रमाने लावलेली आहेत. म्हणूनच सर्वांत विस्तृत आणि विचाराला सर्वांत जड असलेले रोमकरांस पत्र नवख्या वाचकासमोर सर्वांत आधी येऊन उभे राहते. या गोष्टी प्रतीत कोठेही सांगितलेल्या नाहीत. अनुक्रमणिका आहे, पुस्तकांच्या नावांची संक्षेपसूची आहे, आणि लगेच उत्पत्तीचा पहिला अध्याय सुरू होतो.

आपल्याकडच्या वाचकाला येथे पारायणाची सवय नडते. पंढरपूर जवळ असलेल्या या जिल्ह्यात ग्रंथ पहिल्या ओवीपासून शेवटच्या ओवीपर्यंत क्रमाने वाचायचा, मध्ये काही गाळायचे नाही, ही शिस्त कित्येक घरांत मुरलेली आहे. त्या शिस्तीने पवित्र शास्त्र हाती घेतले, तर उत्पत्तीचे ५० अध्याय झपाट्याने संपतात, कारण त्यांत अब्राहाम, याकोब आणि योसेफ यांच्या कथा आहेत. निर्गमच्या पहिल्या २० अध्यायांत मिसर देशातील गुलामगिरी, समुद्र ओलांडणे आणि दहा आज्ञा आहेत, तेही वाचवते. पंचविसाव्या अध्यायापासून निवासमंडपाची, म्हणजे उपासनेच्या तंबूची, मोजमापे सुरू होतात, आणि मंडप प्रत्यक्ष उभारला जाताना पस्तिसाव्या अध्यायापासून त्यांतील बरीचशी पुन्हा येतात. त्यापुढे लेवीय, ज्याचे पहिले सात अध्याय केवळ अर्पणांच्या विधींचे आहेत. बहुतेकांचे वाचन येथेच थांबते. दुकानातील काकांनीही पैसे घेता घेता हेच सांगितले: "पहिल्यांदा वाचताय ना? मग मागून सुरू करा, मार्कपासून. पुढचं आपोआप येतं." विक्रेत्याचा एवढा नेमका सल्ला पुस्तकाच्या दुकानात हल्ली क्वचितच ऐकायला मिळतो.

मार्क का, याची कारणे प्रत वाचताना पटतात. चार शुभवर्तमानांत ते सर्वांत लहान आहे, अध्याय १६ आहेत, आणि सलग वाचले तर दीड-दोन तासांत संपते. मत्तयसारखी आरंभी वंशावळ नाही, लूकसारखी जन्मकथा नाही. यार्देन नदीवरील बाप्तिस्मा, अरण्यातील ४० दिवस आणि गालीलातील मासे धरणारे पहिले शिष्य, हे सारे पहिल्या २० ओव्यांत होऊन जाते. पाचव्या अध्यायात याईराच्या बारा वर्षांच्या मुलीची कथा सुरू होते, तिच्या मध्येच बारा वर्षे रक्तस्रावाने पीडलेल्या स्त्रीची कथा येते, आणि ती संपल्यावर पुन्हा मुलीच्या घराकडे वाट वळते. एका गोष्टीच्या पोटात दुसरी ठेवण्याची ही रीत मार्कने पुढेही वापरली आहे. आठव्या अध्यायात, फिलिप्पाच्या कैसरीयाजवळच्या गावांकडे जाताना, पेत्र हा शिष्य येशूला ख्रिस्त, म्हणजे देवाचा अभिषिक्त, म्हणून ओळखतो, आणि तेथून सगळ्या कथनाचे तोंड यरुशलेमकडे आणि मृत्यूकडे फिरते. हे वाचताना अध्यायाच्या आकड्यापाशी थांबण्याचे बंधन मानू नये. अध्यायांची विभागणी तेराव्या शतकाच्या सुरुवातीला स्टीफन लँग्टन यांनी केली असे मानले जाते, आणि नव्या कराराचे आजचे ओवी-क्रमांक रोबेर एस्तिएन या मुद्रकाने १५५१ मध्ये घातले. मूळ लेखकाला ते ठाऊक नव्हते, आणि काही ठिकाणी ते कथेला नको तेथे तोडतात.

आता संदर्भांकडे वळतो, कारण या प्रतीची खरी किंमत त्यांतच आहे. मार्कच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या ओवीतच यशया संदेष्ट्याच्या नावाने एक अवतरण येते. संदर्भ पाहिला तर तेथे मलाखी ३:१ (तिसरा अध्याय, पहिली ओवी) आणि यशया ४०:३ अशी दोन ठिकाणे दिलेली असतात. म्हणजे दोन वेगळ्या संदेष्ट्यांची वचने जोडून एक केलेली आहेत आणि नाव एकाचेच घेतले आहे. दुसऱ्या अध्यायात शब्बाथ या विश्रांतीच्या दिवशी शिष्य शेतातली कणसे मोडतात आणि परूशी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या यहूदी पंथाचे लोक, आक्षेप घेतात, तेव्हा येशू दाविदाने समर्पित भाकरी खाल्ल्याचा दाखला देतो. संदर्भ १ शमुवेल २१ कडे नेतो. तेथे जाऊन वाचले, तर मार्कमध्ये अब्याथार याजकाचे नाव आहे आणि शमुवेलमध्ये भाकर देणारा याजक अहीमलेख आहे, हेही दिसते. असे अंतर लपवण्याऐवजी छापील प्रतच वाचकाचे बोट धरून त्याला दोन्ही ठिकाणी घेऊन जाते, ही गोष्ट मला फार प्रामाणिकपणाची वाटली. पंधराव्या अध्यायात वधस्तंभावर येशू जे शब्द मोठ्याने उच्चारतो, ते बाविसाव्या स्तोत्राचे पहिले शब्द आहेत. त्याच्या वस्त्रांसाठी शिपाई चिठ्ठ्या टाकतात, तोही त्याच स्तोत्राचा प्रतिध्वनी आहे. तेवढे एक स्तोत्र तेव्हाच उघडून संपूर्ण वाचावे. ते विलापाने सुरू होऊन स्तुतीने संपते, आणि हे कळल्यावर वधस्तंभाचा तो प्रसंग आधी वाचला होता तसा राहत नाही.

या वाटेने गेल्यास ज्या लेवीयपाशी क्रमाने वाचणारे थांबतात, त्याच लेवीयमध्ये वाचक पुढच्या दाराने न जाता आपण होऊन पोहोचतो. मार्कच्या बाराव्या अध्यायात एक शास्त्री सर्वांत पहिली आज्ञा कोणती असे विचारतो, आणि येशू दोन आज्ञा सांगतो. पहिलीचा संदर्भ जुन्या करारातील 'अनुवाद' या पुस्तकातला, ६:४-५ असा आहे, आणि शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करण्याच्या दुसऱ्या आज्ञेचा संदर्भ लेवीय १९:१८ असा. त्या एकोणिसाव्या अध्यायात मजुराची मजुरी रात्रभर आपल्याकडे ठेवू नये, बहिऱ्याला शाप देऊ नये, आंधळ्याच्या वाटेत अडखळण ठेवू नये, वजने-मापे खरी असावीत, परक्यालाही आपल्यातलाच मानावे, अशी वचने एकापाठोपाठ एक येतात. गिरणगाव म्हणून वाढलेल्या, यंत्रमाग आणि विडी कामगारांच्या हातांवर उभ्या असलेल्या या शहरात मजुरीच्या त्या एका ओवीवर कोणीही थबकेल. त्याच अध्यायात आणखी एक नियम आहे: शेताची कापणी करताना कडेकोपऱ्यापर्यंत सगळे कापून नेऊ नये, पडलेला सरवा वेचू नये, तो गरिबांसाठी आणि उपऱ्यांसाठी राहू द्यावा.

सरव्याच्या या नियमाचा संदर्भ रूथच्या पुस्तकाशी जोडलेला आहे, आणि तेथे तर सोलापूर जिल्ह्यातल्या वाचकाला वेगळे काही समजावण्याची गरजच पडत नाही. मंगळवेढ्याच्या ज्वारीच्या रानात सुगी झाल्यावर सरवा वेचणाऱ्या बाया ज्याने पाहिल्या किंवा आजीकडून ऐकल्या आहेत, त्याला बवाजाच्या शेतात सातूची आणि गव्हाची कापणी चालू असताना मागे मागे कणसे वेचणारी रूथ कोण आहे, हे टीपेशिवाय कळते. ती मवाबी आहे, म्हणजे परकी, विधवा आहे, आणि सासू नामीला सोडून माहेरी परत जायला तिने नकार दिलेला आहे. बवाज आपल्या गड्यांना पेंढ्यांतून मुद्दाम काही कणसे तिच्यासाठी टाकायला सांगतो. चार अध्यायांचे हे पुस्तक एका बैठकीत संपते, आणि शेवटी कळते की ही परकी सून दावीद राजाची पणजी झाली. त्यानंतर मत्तयची ती कंटाळवाणी वंशावळ उघडली, की पाचव्या ओवीत रूथचे नाव सापडते, आणि नावांची ती रांग मग तितकी कोरडी राहत नाही. नवख्या वाचकाला मार्कनंतर दुसरे पुस्तक कोणते, असे मला कोणी विचारले, तर मी लूक किंवा प्रेषितांची कृत्ये यांच्याही आधी रूथचे नाव घेईन.

दोषांकडे यायला हवे. आपण ज्ञानेश्वरी बहुधा सार्थ प्रतीतून वाचतो. ओवीखाली अर्थ, कठीण शब्दांचा कोश, मागे टिपा अशी सोय गृहीतच धरलेली असते. येथे ती नाही. परूशी आणि सदूकी यांच्यात वाद कोणत्या गोष्टीवरून होता, जकातदारांचा लोकांना इतका तिटकारा का होता, वल्हांडण सण कशाच्या स्मरणार्थ पाळला जातो, शोमरोनी आणि यहूदी एकमेकांना का टाळत, हे माहीत नसेल तर निम्मे प्रसंग वाचूनही पोहोचत नाहीत. लूकच्या दहाव्या अध्यायातील चांगल्या शोमरोन्याचा दृष्टान्त तर या एका माहितीवरच उभा आहे. ती नसेल तर तो वाटसरूला मदत केल्याची साधी बोधकथा वाटतो. पुस्तकांना प्रस्तावना नाहीत. नकाशे मागे आहेत, पण त्यांतली अक्षरे मजकुराहूनही बारीक. पत्रांच्या बाबतीत ही उणीव सर्वांत जास्त जाणवते, कारण पत्र कोणाला, कोणत्या भांडणाच्या निमित्ताने लिहिले हे ठाऊक नसताना ते वाचणे म्हणजे फोनवरचे एकाच बाजूचे बोलणे ऐकण्यासारखे आहे. एवढ्या मोठ्या खंडात प्रत्येक पुस्तकामागे अर्धे पान प्रस्तावनेला दिले असते, तर जाडीत फारसा फरक पडला नसता.

भाषेविषयी माझे मत अनुकूल आहे. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत प्रचलित असलेला मराठी मजकूर जुन्या वळणाचा आहे, वाक्ये लांब आहेत, आणि काही ठिकाणी कर्ता शोधत मागे जावे लागते. पण मोठ्याने वाचला की तो सुरेख चालतो, विशेषतः स्तोत्रसंहितेत. ज्याचा कान अभंगांवर तयार झालेला आहे त्याला १५० स्तोत्रांशी मैत्री करायला वेळ लागणार नाही, असे मला वाटते. या मराठीला मोठा इतिहासही आहे. बंगालमधील श्रीरामपूरहून विल्यम केरी या मिशनऱ्यांचा मराठी नवा करार १८११ मध्ये बाहेर पडला, आणि त्यानंतर मजकुरावर पिढ्यान्‌पिढ्या हात फिरला. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून केलेले स्वतंत्र भाषांतर केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये तेथील स्त्रियांच्या हातून छापले गेले. रमाबाई १९२२ मध्ये निवर्तल्या आणि संपूर्ण ग्रंथ त्यानंतर प्रसिद्ध झाला. सोलापूरहून रेल्वेने पुण्याला जाताना दौंडनंतर केडगाव स्टेशन लागते. कित्येक सोलापूरकर आयुष्यभर त्या फलाटासमोरून जातात आणि तेथे काय काम झाले हे त्यांना ठाऊक नसते.

पर्यायांचाही विचार केला पाहिजे. खिशात मावणारा नवा करार, बहुधा स्तोत्रसंहिता आणि नीतिसूत्रे जोडलेला, पुष्कळदा विनामूल्यही हाती येतो. प्रवासात वाचायला तो उत्तम आहे, पण त्यात उरलेला जुना करार नसल्याने संदर्भांची सगळी वाटच बंद होते. मार्कमधून लेवीयला जायचे म्हटले तर पुढे पाने नाहीत. मोबाइलवरील यूव्हर्जनसारख्या अ‍ॅपमध्ये मराठी मजकूर एकाहून अधिक आवृत्त्यांत विनामूल्य मिळतो, अक्षर हवे तेवढे मोठे करता येते, आणि डोळे थकलेल्यांसाठी किंवा स्वयंपाक करता करता ऐकणाऱ्यांसाठी ध्वनिमुद्रित वाचन हा मोठा आधार आहे. एखादे नाव ग्रंथभर कोठे कोठे आले आहे हे शोधणे तेथे क्षणाचे काम आहे. माझी अडचण एवढीच की दोन ठिकाणे शेजारी ठेवून वाचायची झाली, तर पडदा पुरत नाही. कागदावर एका बोटाने मार्क आणि दुसऱ्या बोटाने शमुवेल धरून ठेवता येते. अधिक सोपी, आजची मराठी हवी असेल, तर फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे सुबोध बायबल वाचनालयात मिळते का ते पाहावे. शेजारच्या उस्मानाबादला, म्हणजे आजच्या धाराशिवला, जानेवारी २०२० मध्ये भरलेल्या ९३व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते, त्यामुळे या भागातील वाचकांना त्यांचे नाव अनोळखी नाही. मूळ प्रत बाजूला ठेवून फक्त तेच वाचावे असे मात्र मी सुचवणार नाही. अडले तेथे ते उघडावे.

दुकानाच्या सेवेबद्दल दोन शब्द. जागा अरुंद आहे, पुस्तके विषयवार लावलेली नाहीत, आणि संदर्भांसह प्रत मागितल्याशिवाय पुढे येत नाही, कारण बहुतेक गिऱ्हाईक भेट देण्यासाठी चेनचे वेष्टन असलेली देखणी प्रत घेऊन जाते. पण प्रत उघडून, उभ्याउभ्या चार पाने वाचून पाहायला कोणी हरकत घेत नाही, आणि तुम्ही कोण, कशासाठी वाचता, अशी चौकशीही होत नाही. केवळ जिज्ञासेने आलेल्या माणसाला याचे महत्त्व वाटेल. मराठीच्या शेजारी तेलुगू आणि कन्नड प्रतींची मांडणीही तितकीच भरलेली असते. पूर्व भागातील तेलुगू घरांत किंवा अक्कलकोटकडच्या कन्नड घरांत आजी एका लिपीत आणि नातवंडे दुसऱ्या लिपीत वाचतात, असे सर्रास आढळते. अशा घरांनी दोन भाषांतील प्रती घ्याव्यात, कारण अध्याय आणि ओव्यांचे क्रमांक जवळपास सर्वत्र जुळतात आणि मार्क १२:३१ म्हटले की दोघांनाही एकच ओवी सापडते. मात्र तेलुगू किंवा कन्नड प्रत बांधून घेण्यापूर्वी तिच्यातही संदर्भ छापलेले आहेत ना, हे पान उघडून पाहून घ्यावे.